एकोणपन्नास भाषांतलं पाणी आणि करमाडचा तांब्या

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं आणि गाडी सुरू झाली सहा वाजून दहा मिनिटांनी. ती दहा मिनिटं कुठे गेली, हे मी बायकोला, म्हणजे शैलाला, निफाड येईपर्यंत विचारत होतो. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या पाण्याच्या बाटल्या भरत होते." चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली बहुतेक वर्षं शाळेचं वेळापत्रकही माझ्याच ताब्यात होतं. उशीर मला चालत नाही आणि बाहेरचं पाणी माझ्या पोटाला चालत नाही. या प्रवासातली गंमत आणि घोटाळा दोन्ही यातूनच झाले, म्हणून आधीच सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी सोसायटीच्या कमिटीवर जातं. मी एक वही केली. तिच्यात एकच शब्द आहे, पाणी, आणि तो जगातल्या जितक्या भाषांत मिळेल तितक्या भाषांत. नियम कडक आहेत. फोनवर शोधायचं नाही, पुस्तकातून उतरवायचं नाही. ज्याची ती मातृभाषा आहे त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लिपीत लिहायचं. शेजारी मी देवनागरीत उच्चार लिहितो. पानावर रकाने आखलेत: क्रमांक, भाषा, शब्द, लिहिणाऱ्याचं गाव आणि वेळ. "वेळ कशाला?" असं शैलाने विचारलं होतं. वेळ का नको, हे मला कळेना.

नाशिकला आणि त्र्यंबकच्या रस्त्यावर परदेशी पाहुणे भेटतात, त्यांना गाठून गाठून त्रेचाळीस शब्द जमले होते. रशियनांचं वोदा, तुर्कांचं सू, स्वाहिलीतलं माजी, तिबेटी छू. एका जपानी बाईंनी मिझु लिहून दिलं आणि बजावलं, की हे गार पाण्याचं नाव. तापवलं की ते ओयु होतं, मग त्याला मिझु म्हणायचं नाही. त्या दिवशी मी घरी येऊन गीझरकडे बराच वेळ आदराने पाहत होतो. मला पन्नास पुरे करायचे होते. वेरूळला सगळं जग येतं, तेव्हा छत्रपती संभाजीनगरला जायचं मी डिसेंबरातच ठरवून टाकलं.

शैला म्हणाली, "मी येते. पण करमाडलाही जायचं."

करमाड म्हणजे शैलाचं माहेर. शहरातून जालना रोडने गेलं, की शेंद्र्याचे कारखाने संपता संपता लागतं. तिथे आम्ही नऊ वर्षं गेलो नव्हतो आणि त्याचं कारण मी होतो.

आमच्या मृणालचं लग्न नाशिकला झालं. मृणाल एकुलती एक. शैलाचे थोरले भाऊ, दादा, हे मृणालचे मामा. अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो आणि नवरीने नेसायची पिवळी अष्टपुत्रीही मामाच आणतो, हे तुम्हाला माहीतच आहे. दादा टेम्पो करून पहाटेच निघाले. वैजापूरजवळ टेम्पोचा पाटा तुटला. मग निफाडहून त्यांचा फोन आला, "दाजी, अर्ध्या तासात पोचतो, थांबा." मी हो म्हटलं. मुहूर्त बारा एकवीसचा होता. बारा वीस झाले, गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "सुरू करा." मामा म्हणून माझा मावसभाऊ उभा राहिला. दादा आले तेव्हा लोक जेवायला बसत होते. त्यांनी अष्टपुत्रीची पिशवी शैलाच्या हातात दिली आणि पाण्यालाही न शिवता परत गेले. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. दादा एक शब्द बोलले नाहीत.

आता मृणालच्या मुलाचं जावळ ठरलं होतं, आमच्याच घरी. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. मृणालला सख्खा भाऊ नाही. ती म्हणाली, "माझा भाऊ म्हणजे दादामामांचा विलास. तो येणार असेल तर जावळ, नाहीतर केस वाढू देत." असलं आमंत्रण फोनवर होत नाही. शैलाने नारळ आणि कुंकवाची डबी तिच्या पर्समध्ये ठेवली होती, आणि माझ्या पिशवीत वही होती.

नाशिकहून जायचं असेल तर निफाड, विंचूर, येवला, वैजापूर हा जुना रस्ता धरा. समृद्धीने वेळ वाचतो, पण चहा चांगला मिळत नाही. येवल्यापर्यंत कांद्याच्या ट्रॅक्टरमागून सावकाश जावं लागतं. वैजापूर मागे पडलं, की शैलाची भाषा बदलते. 'खूप'चं 'लई' होतं आणि 'नाही'चं 'नाय'. एरवी मी तिला यावरून चिडवतो. या वेळी ती वैजापूरपासून खिडकीबाहेर बघत बसली होती, म्हणून मीही चिडवलं नाही.

साडेअकराला शहरात पोचलो. उस्मानपुऱ्यात एक साधं, स्वच्छ लॉज मिळालं. खाली रिक्षा, समोर चहाची टपरी, आणखी काय पाहिजे. पन्नाशीपुढच्या माणसांनी तळमजल्याची खोली मागून घ्यावी, कारण इथे लिफ्ट 'आत्ता दुरुस्त होतेय' अशीच असते.

टपरीवर पहिलंच घबाड लागलं. एक उंच, सावळा तरुण चहा पीत बसला होता. सोमालियाचा, इथे फार्मसी शिकायला आलेला. या शहरात आफ्रिकेतली, अरबस्तानातली मुलं शिकायला येतात, हे मी विसरलोच होतो. तीन वर्षांत त्याची हिंदी पक्की इथली झाली होती.

"अंकल, हमारे में बियो बोलते," तो म्हणाला आणि छान अक्षरात लिहून दिलं. चव्वेचाळीस. मग त्याने टपरीवाल्याकडून पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापुढे केला. "लेव अंकल, बियो."

"नको नको, माझ्याकडे आहे," म्हणून मी बाटली उंच करून दाखवली. त्याने हसून तो ग्लास स्वतःच संपवला.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. लेणी मंगळवारी बंद असतात, तेव्हा वार बघून या. आम्ही आठ वाजता फाटकाशी होतो. डोंगर वरून खाली कोरत आणून देऊळ काढलंय, ते बघताना शैला म्हणाली, "यांना तुमच्यासारखा कुणी घाई करणारा भेटला नसंल." ते खरंच असावं. पण माझं चित्त कैलासात कमी आणि बौद्ध लेण्यांत जास्त होतं, कारण थायलंड, व्हिएतनाम, ब्रह्मदेश इथले यात्रेकरू तिथे जमतात.

दहाव्या लेण्याबाहेर एक थाई आजीबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या गाइडने माझा उद्योग त्यांना समजावला. आजींनी चष्मा लावला आणि वळणदार अक्षर काढलं. उच्चार नाम. गाइड म्हणाला, "यांच्याकडे नदीला पाण्याची आई म्हणतात. आणि माणसाच्या चांगुलपणाला म्हणतात नाम-जाय, म्हणजे मनाचं पाणी." मी ते समासात लिहून घेईपर्यंत आजींनी पिशवीतून पाण्याची छोटी बाटली काढून माझ्या हातात द्यायला धरली. मी माझी बाटली दाखवली, मान हलवली, नमस्कार केला. आजींनी बाटली परत पिशवीत ठेवली.

"घ्यायची ना," शैला म्हणाली.

"कुठली असेल कुणास ठाऊक."

"सीलबंद हाय की ती."

मी विषय बदलला. पुढच्या दोन तासांत दोन शब्द मिळाले. व्हिएतनामी भिक्षुणीने लिहिलेल्या न्योक शब्दाचा अर्थ पाणीही आहे आणि देशही. माझा देश म्हणायचं तर ती माझं पाणी म्हणते. ब्रह्मदेशातल्या भिक्खूंनी लिहिलेलं पाणी मराठी कानाला चक्क 'ये' असं ऐकू येतं. शैलाला ते फार आवडलं. "म्हणजे तिकडं तहान लागली, की नुसतं ये म्हणायचं. माणूस बी येतंय अन् पाणी बी," ती म्हणाली. सत्तेचाळीस झाले. ब्रह्मी शब्दाची वेळ अकरा बेचाळीस.

परतताना दौलताबाद. रस्त्यावर टोपल्यांत पेरू होते, आतून गुलाबी आणि गोड. किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारात वटवाघळांचा वास येतो. टॉर्च आणि रुमाल जवळ ठेवा. वर चढताना हत्ती हौद लागतो. एवढं पाणी साठवायची सोय केलेल्या गावात राजधानी आणून, पुन्हा पाण्यासाठीच ती मागे नेली, असं तिथला पहारेकरी सांगत होता. त्याच हौदाच्या काठी एस्टोनियाचं एक जोडपं धापा टाकत बसलं होतं. त्यांनी लिहिलं वेसी. मी वही उलटून पाहिली तर फिनलंडचंही वेसीच होतं. हा वेगळा शब्द धरायचा का, यावर माझा आणि शैलाचा पंधरा मिनिटं वाद झाला.

"पंजाबी अन् गुजराती पाणी दोन धरलेत ना? मग ह्यांनी काय पाप केलं?" ती म्हणाली. अठ्ठेचाळीस.

रात्रीच्या जेवणाबद्दल: मांसाहारी असाल तर शहरातला नान-खलिया सोडू नका. आम्ही वरण-भात खाल्ला, कारण माझं पोट.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणचक्की. जमिनीखालच्या नहरीतून दुरून आणलेल्या पाण्यावर इथलं जातं फिरायचं. मोठ्या झाडाखाली हौदाच्या काठी बसून राहावं अशी जागा आहे. रिक्षावाल्या चाचांना वहीचं कळल्यावर ते म्हणाले, "क्या साब, पानी कू पानीच बोलते ना. और क्या बोलते?" तिथेच एक सायकलवरून जग फिरणारा माणूस भेटला. मी त्याला स्पेनचा समजून 'आग्वा आहे माझ्याकडे' म्हणालो, तर तो जरा रागावला. तो बास्क निघाला. त्याची भाषा स्पॅनिशपेक्षा अगदी वेगळी. त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं उर. एकोणपन्नास. मी इतका खूश झालो, की करमाडला निघायला आम्हाला आठ मिनिटं उशीर झाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शैला मात्र गाडीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "दादा घरात असंल ना?" चिकलठाणा गेलं. "वहिनी बोलंल ना?" शेंद्रा आलं. मी म्हटलं, "बोलतील. मी आहे ना." हे वाक्य मी का म्हटलं, मला अजून कळलेलं नाही.

दादांचं घर आता सिमेंटचं झालंय. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये ट्रॅक्टर, शेजारी कापसाचा ढीग. विलास शेंद्र्याला कंपनीत जातो, त्या दिवशी सुट्टीवर होता. दादा ओट्यावर बसले होते. नऊ वर्षांत मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. आम्हाला पाहून ते उठले.

"या," एवढंच म्हणाले.

वहिनी आतून तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. तिथे पद्धत अशी, की आलेल्या माणसाशी बोलणं नंतर. आधी पाणी. तेही पहिलं जावयाला. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि भरलेलं फुलपात्र माझ्यापुढे धरलं.

आणि मी तीन दिवसांच्या सवयीने हातातली बाटली उंच केली. "नको नको वहिनी, आमचं पाणी आहे आमच्याकडे."

शेडमधल्या चिमण्यांचा आवाज तेवढा येत होता. वहिनींचा हात तसाच पुढे राहिला. दादांनी माझ्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नऊ वर्सांनी आले दाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "अन् पाणी घरून आणलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा आमच्या मांडवातून पाणी न घेता गेले होते. आज मी त्यांच्या दारात येऊन त्यांचं पाणी परत केलं होतं. त्या घरापुरता त्याचा अर्थ एकच होत होता, आणि तो मला सोडून सगळ्यांना कळला होता. मी बाटली पाठीमागे लपवली. साठी उलटलेल्या मास्तराने बाटली पाठीमागे लपवणं काही शोभत नाही, पण लपवली.

शैलाने वहिनींच्या हातातून आख्खा तांब्या घेतला आणि उभ्यानेच घटाघटा प्यायली. थोडं पाणी तिच्या साडीवर सांडलं. मग ती वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, चला आत," आणि दोघी आत गेल्या. ओट्यावर दादा आणि मी उरलो.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी वही काढली. 'मला पाण्याबद्दल किती आदर आहे' हे दाखवावं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. दादांनी ती घेतली आणि एकेक पान बोट फिरवत पाहिली. सोमाली, थाई, ब्रह्मी. बराच वेळ पाहिली.

"ह्या लोकांनी तुम्हाला पाणी पाजलं का?" त्यांनी विचारलं.

"दोघांनी दिलं होतं," मी म्हटलं.

"पिलं?"

"नाही."

दादांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. "ह्यात आपलं पाणी कुठंय?"

"आपलं म्हणजे?"

"मराठी."

मी वही हातात घेतली, जणू ते कुठेतरी असेल आणि दादांच्या नजरेतून सुटलं असेल. नव्हतंच. मला ते येत होतं म्हणून मी कधी कुणाकडे मागितलंच नव्हतं. मी घाईघाईने पेन पुढे केलं. "पन्नासावं तुम्हीच लिहा दादा."

"आज नाय," ते म्हणाले आणि उठले.

आत शैलाने कुंकू लावून नारळ पुढे ठेवला आणि जावळाचं सांगितलं. विलास आईकडे बघत होता, आई दादांकडे. दादा म्हणाले, "बघू." शैलाचा चेहरा एवढासा झाला. ते बघवेना, पण बोलायची सोय मी ठेवलीच नव्हती. मग दादा म्हणाले, "आलेच हायेत तर हुरडा खाऊन जावा. रानात आगटी लावलीय."

घरामागूनच रान सुरू होतं. विलासने शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसली होती. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, की हिरवे, गरम, गोड दाणे निघतात. बरोबर गूळ, बोरं आणि वहिनींची लसणाची चटणी. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत या भागात आलात आणि हुरडा खाल्ला नाहीत, तर पुन्हा या. मी अपराधी मनाने खात होतो आणि अपराधी माणूस चटणी मोजून घेत नाही.

ठसका असा लागला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी हाताने आजूबाजूला चाचपलं. बाटली ओट्यावर राहिली होती. माठ लिंबाच्या सावलीत होता आणि माठाशेजारी दादा बसले होते.

एकोणपन्नास भाषांतला एकही शब्द त्या वेळी कामाचा नव्हता. "दादा," मी कसाबसा म्हटलं, "पाणी."

दादांनी तांब्या माठात बुडवला, काठोकाठ भरला आणि हातातच धरला.

"थांबा दाजी," ते शांतपणे म्हणाले. "मुहूर्त व्हायचाय."

विलासचे हात चोळता चोळता थांबले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी खोकतोय, डोळ्यांतून धारा, आणि दादा तांब्या धरून आभाळाकडे बघतायत, जसं काही घटका मोजतायत. पहिली हसली ती शैला. तिला हसू आवरेना, मग वहिनींना, मग विलासला. दादांच्या मिशा हलल्या आणि त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. किती सेकंद गेले, सांगता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं.

पाणी विहिरीचं, गार, माठाचा किंचित वास असलेलं. सगळा तांब्या संपवला. माझ्या पोटाला पुढे काहीही झालं नाही, हेही नोंदवतो.

मग जे नऊ वर्षं घशात अडकलं होतं ते बाहेर आलं. "दादा, मी थांबायला हवं होतं. थांबतो म्हणालो आणि थांबलो नाही. चुकलं माझं."

दादा निखारे काठीने सारखे करत राहिले. "टेम्पो बंद पडला तवा मी एका जीपला हात केला," ते म्हणाले. "अष्टपुत्री मांडीवर घेऊन आलो. डायव्हरला सांगत हुतो, सावकाश चालव, दाजी मास्तर मानूस हाय, थांबतो म्हनलाय म्हंजी थांबतोच." मला मान वर करता येईना. त्यांनी आणखी एक कणीस चोळून दाणे माझ्या हातावर ठेवले. "खावा. चटणी कमी घ्या."

निघताना शैलाने पुन्हा जावळाचं विचारलं नाही. दादांनीच गाडीपाशी येऊन सांगितलं, "यीन. विलासला घेऊन यीन. पर कवा पोचंन ते सांगनार नाय." आणि मला म्हणाले, "तुमचं पन्नासावं तवाच लिहीन. तुमच्या घरचं पाणी पिऊन."

परतीच्या वाटेवर शैला वैजापूरपर्यंत बोलत होती आणि वैजापूरच्या पुढे गाढ झोपली. मी सावकाश गाडी चालवली.

जावळाच्या दिवशी न्हावी साडेनऊला येऊन बसला. पाहुणे आले, शिरा झाला. पावणेदहाला विलासचा फोन आला: निफाडला कांद्याचे ट्रॅक्टर तुंबलेत, अर्धा तास लागंल. मी फोन ठेवला आणि मागे पाहिलं तर सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मृणाल, जावई, व्याही, सगळे. शैलाने माझं घड्याळ सकाळीच काढून कुठेतरी ठेवलं होतं. नंतर ते तांदळाच्या डब्यात सापडलं.

"थांबायचं," मी म्हटलं.

साडेदहाला न्हावी म्हणाला, त्याला दुसरीकडे जायचंय. मी त्याला शिऱ्याची दुसरी ताटली दिली. बाळ झोपलं, उठलं, रडलं, पुन्हा झोपलं. व्याह्यांनी दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा मी त्यांना माझी वही बघायला बसवलं. अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले. मी तांब्या-फुलपात्र घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहिलो. शेजारचे विचारत होते, काय झालं. मी म्हटलं, मामा यायचाय.

गाडी आली. दादा उतरले, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी आधी घराकडे पाहिलं. "झालं का चालू?"

"तुमच्याशिवाय कसं करणार?"

मी फुलपात्र भरलं आणि पुढे धरलं. दादांनी ते घेतलं, टोपी सारखी केली आणि तिथेच फाटकात उभं राहून सगळं प्यायले. मग फुलपात्र परत देत म्हणाले, "आणखी द्या. कांद्याच्या धुळीनं घसा सुकलाय." मागे शैला उभी होती. नऊ वर्षांपूर्वी मांडवात ती जशी उभी होती तशीच, फक्त आता ती हसत होती.

बाळ विलासच्या मांडीवर बसलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. केस निघाल्यावर ते थेट दादांसारखं दिसायला लागलं, असं वहिनींचं म्हणणं आहे. मिशा सोडून.

तुम्ही हा प्रवास करणार असाल, तर हिवाळ्यात करा, वार बघून वेरूळ करा, दौलताबादला पेरू घ्या. आणि कुणाच्या दारात गेलात तर तुमची बाटली गाडीत ठेवा. मी हल्ली ठेवतो. अजून थाई आजींच्या त्या बाटलीची आठवण येते. त्यांना कळवायचा काही मार्ग असता तर कळवलं असतं, की मला समजायला एक दिवस जास्त लागला.

दादांनी जेवण झाल्यावर वही मागून घेतली. सावकाश, शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढत लिहिलं: क्रमांक पन्नास, भाषा मराठी, शब्द पाणी, गाव करमाड. मग पेन शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"वेळ काय टाकू दाजी?"

मी मनगटाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"राहू द्या," मी म्हटलं. एकोणपन्नास शब्दांपुढे वेळ आहे, मिनिटासकट. त्या एका ओळीत तो रकाना रिकामा आहे.